दहा आकडे मोजा, मामा

आमच्या प्लेटिंगच्या शॉपमध्ये, म्हणजे धातूच्या भागांवर निकेल-क्रोमचा मुलामा चढवतो तिथं, सगळ्यात मोठा आवाज पाण्याचा असायचा. निकेलच्या टाकीतून जॉब (मुलामा द्यायचे भाग) टांगलेला हँगर उचलला की शेजारच्या धुण्याच्या टाकीत जायचा, आणि त्या टाकीचा नळ सकाळी सोडला की पाळी सुटेपर्यंत वाहतच असायचा. पाणी खळखळतंय म्हणजे जॉब स्वच्छ निघतोय, असं सगळे धरून चालायचे. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत प्लेटिंगमध्ये अकरा वर्षं काढूनही मीसुद्धा तेच धरून चाललो होतो.

एका दुपारी मी नुसता उभा राहून बघत होतो. टाकीवर काम करणाऱ्या मामांनी हँगर उचलला. हिरवंगार पाणी अजून धारेनं गळत होतं, तोवर हँगर पुढच्या टाकीत गेलाही. वाटीच्या आकाराचे जॉब होते आणि प्रत्येकाच्या पोटात घोटभर निकेलचं द्रावण. ते आपण विकत आणतो, धुण्याच्या पाण्यात सांडतो, मग ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेत, चुना घालून त्याचा गाळ करतो, फिल्टर प्रेसमध्ये पिळतो आणि घातक कचरा म्हणून पैसे भरून रांजणगावला पाठवतो. एकाच मालाचे दोनदा पैसे! त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी म्हटलं, "मामा, टाकीवर धरून दहा आकडे मोजा, मग सोडा."

"साहेब, दहा आकड्यात एक हँगर मागं पडतोय की. प्रॉडक्शन कोण भरून देणार?"

मामांचं बरोबर होतं. मग टाकीवर आडवा पाइप बसवला. एक हँगर त्यावर निथळत ठेवायचा, तोवर दुसरा उचलायचा. वाटीसारखे जॉब तोंड खाली करून लावायला लागलो. खर्च म्हणाल तर पाइप आणि वेल्डिंग.

त्यानंतर निकेलला लागून एक साठ्याची टाकी ठेवली, नळ नसलेली; हँगर आधी हिच्यात बुडवायचा. निकेलचा बाथ, म्हणजे टाकीतलं द्रावण, ५५-६० अंशांवर चालतो, त्यामुळे पाण्याची वाफ होऊन पातळी सारखी उतरते. ती भरून काढायला याच टाकीतलं हिरवट पाणी परत घालायचं. इथं मी चूक केली. साठ्याच्या टाकीत बोअरचं पाणी भरलं. काही आठवड्यांत जॉबवर बारीक दाणे दिसायला लागले, हात फिरवला की खरखरीत. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम बाथमध्ये साठत गेलं होतं. अख्खा लॉट परत आला आणि मालकांसमोर मान खाली घालून उभा राहिलो. आता तिथं फक्त आरओचं पाणी जातं.

पुढच्या टाक्यांचं गणित मात्र प्रत्येक प्लेटिंगवाल्यानं कागदावर मांडून बघावंच. समजा तासाला १ लिटर द्रावण जॉबबरोबर बाहेर येतं आणि ते हजारपट पातळ करायचंय. एकच टाकी असेल तर तासाला १००० लिटर पाणी हवं. दोन टाक्या ठेवल्या, ताजं पाणी शेवटच्या टाकीत सोडलं आणि तिथून ते उलटं पहिलीत आणलं, तर तेच काम साधारण ३२ लिटरमध्ये होतं. तीन टाक्या असतील तर १० लिटर. प्रत्यक्षात टाकीत पाणी नीट ढवळलं जात नाही, त्यामुळे थोडं जास्त लागतं. पण फरक बघा! आमच्या मीटरचं रीडिंग दोनच टाक्यांवर निम्म्याच्या खाली आलं, आणि ईटीपीचा पंप पहिल्यांदाच मध्येमध्ये बंद राहायला लागला.

माझी मावशी शिरोळ तालुक्यात राहते. पंचगंगेवरच्या तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडला की ती फोन करते आणि एकच विचारते, "तुमच्याकडनं काय सुटलं का रे?" पंचगंगेत शहरा-गावांचं मैलापाणीही जातं, हे मला माहीत आहे. पण तिला ते सांगायला माझी जीभ रेटत नाही.

क्रोमचं काम अजून बाकी आहे. सहा संयुजेचा क्रोमियम (क्रोमचा विषारी प्रकार) बाहेर सोडलेल्या पाण्यात लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, म्हणजे हजार लिटरच्या टाकीत चिमूटभरही नाही. ते पाणी आधी आम्ल करून त्यात मेटाबायसल्फाइट घालतो, पिवळ्याचं हिरवं होताना डोळ्यांनी दिसतं, आणि मगच चुना. धुण्याचं पाणी कमी झालं की ही डोसिंगही हातात राहील. त्यासाठी तिसरी टाकी उद्यमनगरात बनायला टाकलीय. जागा मामांनी खडूनं आखून ठेवली आहे, आणि तिच्यावर आडव्या पाइपाची रेघही.