कासियास मध्यवर्तुळात कसा पोचला : एका अवे विजयाच्या आकडेवारीचा माझा अनुभव

फुटबॉलचा सामना, २ मे २००९ चा. रिअल माद्रिद २, बार्सिलोना ६, आणि तेही माद्रिदच्या घरच्या मैदानावर, बर्नाब्यूवर. म्हणजे बार्सिलोनाचा अवे, परक्या मैदानावरचा विजय. बार्सिलोनाचा प्रशिक्षक ग्वार्डिओलाने मेस्सीला उजव्या बाजूवरून मध्यभागी आणलं, एटोला उजवीकडे पाठवलं. मेस्सी आघाडी सोडून सारखा खाली मधल्या फळीत उतरत राहिला आणि माद्रिदच्या दोन सेंटरबॅकना, म्हणजे मधल्या बचावपटूंना, कळेना, याच्या मागे जायचं की जागा धरून राहायचं. ही गोष्ट मला तोंडपाठ होती. मला ती आकड्यांतून उभी राहताना बघायची होती. या सामन्याचा डेटा फुकट मिळतो, म्हणून बसलो.

फाइल उतरवणं, उघडणं, पास आणि शॉट वेगळे काढणं एका संध्याकाळी उरकलं. पुढच्या तीन संध्याकाळी कोणता संघ कुठल्या दिशेने खेळतोय या एका गोंधळाने खाल्ल्या, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

या फाइलमध्ये प्रत्येक पासाला, शॉटला, टॅकलला दोन आकडे असतात. एक मैदानाच्या लांबीवरचा, ० ते १२०. दुसरा रुंदीवरचा, ० ते ८०. खरं मैदान १०५ मीटर बाय ६८ मीटरचं असलं तरी इथे हेच माप धरायचं. दुसऱ्या पुरवठादाराच्या फाइलमध्ये दोन्ही बाजू ० ते १०० अशाही असतात, त्यामुळे दोन ठिकाणचा डेटा जोडायचा तर आधी माप एक करून घ्या.

शॉटचा नकाशा काढायला मी एक तयार कोड घेतला. त्यात एक ओळ होती : अवे संघाचे आकडे उलटे करा, म्हणजे १२० मधून एक वजा करा आणि ८० मधून दुसरा. कारण लिहिलेलं नव्हतं. मला वाटलं बरोबरच आहे, पाहुणा संघ समोरच्या बाजूने खेळतो. मग मीच पुढचा विचार केला की मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, म्हणून दुसऱ्या हाफचे आकडे पुन्हा उलटे केले. आता सगळं बरोबर झालं असं समजून मेस्सीची सरासरी जागा काढली.

तो आला मैदानाच्या बरोबर मधोमध. मध्यवर्तुळात.

मला इतका आनंद झाला की काय सांगू. आघाडीचा म्हणून उतरलेला माणूस मध्यवर्तुळात, म्हणजे फॉल्स नाईन (आघाडी सोडून मधल्या फळीत उतरणारा खेळाडू) आकड्यांत सिद्ध झाला! त्याच रात्री त्यावर दोन परिच्छेद लिहून काढले. दुसऱ्या दिवशी बाकीचे ठिपके टाकायला घेतले. बार्सिलोनाचा आघाडीचा ऑन्री डाव्या कडेला हवा, तर तोही मधे. एटोही मधे. तरी मी स्वतःची समजूत घालत होतो की बार्सिलोना मधूनच खेळते ना. मग कासियासचा ठिपका पडला. माद्रिदचा गोलरक्षक, ज्याने त्या दिवशी सहा वेळा जाळ्यातून चेंडू काढला, तो मध्यवर्तुळात मेस्सीच्या शेजारी उभा.

झालं होतं असं. या फाइलमध्ये दिशा आधीच लावून दिलेली असते. ज्याच्या नावावर नोंद, त्याचा संघ नेहमी डावीकडून उजवीकडे आक्रमण करतोय असंच धरलेलं असतं. पहिला हाफ असो वा दुसरा, यजमान असो वा पाहुणा. समोरचा गोल नेहमी १२० वर. कोडमधली ती ओळ फक्त चित्रासाठी होती, दोन संघांचे शॉट एकमेकांवर पडू नयेत म्हणून. तिने आणि माझ्या मध्यंतराच्या उलटापालटीने मिळून प्रत्येक खेळाडूचा एक हाफ सरळ आणि एक हाफ आरशातला झाला. सरळ आणि आरशातला यांची सरासरी काढली की कोणीही मधेच येणार. मेस्सीही आणि कासियासही.

चूक सापडायला तीन संध्याकाळी लागल्या त्या एवढ्याचसाठी की चुकीचं उत्तर मला हव्या असलेल्या उत्तरासारखं दिसत होतं. मेस्सी उजव्या कडेला आला असता तर मी लगेच कोड तपासला असता. त्यामुळे आता नियमच केला आहे : कुठल्याही खेळाडूबद्दल काही म्हणण्याआधी दोन्ही गोलरक्षकांचे ठिपके टाकून बघायचे. दोघेही स्वतःच्या गोलजवळ, म्हणजे शून्याच्या बाजूला आले तरच पुढे जायचं. मग सगळे गोल बघायचे. या सामन्यात आठ होते. आठही शॉट ९० च्या पुढून मारलेले दिसले तेव्हा मी खुर्चीवरून उठून एक चक्कर मारून आलो. छातीवरचं ओझं उतरलं होतं.

आणि ती उलटवण्याची ओळ ठेवायचीच असेल तर उलटवलेले आकडे वेगळ्या नावाने ठेवा. मूळ आकड्यांवर कधीही लिहू नका. त्या कोडच्या कर्त्याने शेजारी एक वाक्य लिहिलं असतं, ‘हे फक्त चित्रासाठी’, तर माझ्या तीन संध्याकाळी वाचल्या असत्या. आपला कोड इतरांनी वापरावा असं वाटत असेल तर हे वाक्य लिहाच.

दिशा लागल्यावरही एक काटा राहिलाच. ऑन्री कडेला आला, पण उजव्या. एटो डाव्या. कारण फाइलमध्ये रुंदीचं शून्य वरच्या कोपऱ्यात असतं आणि माझं चित्र शून्य खालून धरत होतं. उभा अक्ष उलटा केला, दोघे आपापल्या जागी गेले. पाच मिनिटांचं काम, पण कोण कुठल्या कडेला खेळतो हे माहीत नसेल तर हे कधीच कळत नाही. ज्या संघाचं विश्लेषण करताय त्याचा लेफ्ट बॅक (डाव्या कडेचा बचावपटू) कोण, हे आधी माहीत करून घ्या.

प्रेसिंग, म्हणजे चेंडू हिसकावायला प्रतिस्पर्ध्यावर टाकलेला दबाव, मोजणाऱ्यांना दिशा आणखी छळते. प्रतिस्पर्ध्याने स्वतःच्या बाजूच्या ६० टक्के मैदानात किती पास केले, भागिले आपण तिथे किती टॅकल, इंटरसेप्शन (मधेच अडवलेले पास), फाउल केले, असा तो हिशेब. आकडा लहान तेवढं प्रेसिंग जोरात. आता त्यांचे पास ७२ च्या (१२० चे ६० टक्के) आतले घ्यायचे, पण आपल्या टॅकल ४८ च्या पुढच्या, कारण तीच जागा आपल्या दिशेने मोजली की ४८ पासून सुरू होते. दोन्हींना ७२ लावला की उत्तर येतं, चुकीचं येतं, आणि कुठलाही इशारा मिळत नाही.

यानंतरचं काम खरं तर सुखाचं होतं. एकूण आकड्यांवर मी फार वेळ घालवला नाही. चेंडूच्या ताब्याची टक्केवारी कोणी पासांच्या संख्येवरून काढतं, कोणी घड्याळावरून. दोन ठिकाणी दोन आकडे दिसले तर घाबरू नका, पण एकच पद्धत धरा. अपेक्षित गोलांचंही तसंच (प्रत्येक शॉटवर गोल होण्याची शक्यता, ० ते १ मध्ये). पेनल्टीला साधारण ०.७६ ते ०.७९ मिळतात, बाकीचे शॉट त्या मानाने समजून घ्यायचे. मात्र नुसती बेरीज पुरत नाही. ०.५ चे दोन शॉट आणि ०.१ चे दहा शॉट, बेरीज दोन्हीकडे १. पण निदान एक गोल होण्याची शक्यता पहिल्यात ७५ टक्के, दुसऱ्यात ६५.

अवे विजयात मला सर्वांत मोलाची वाटली ती गोलफरकानुसार केलेली वाटणी, म्हणजे संघ पुढे, मागे की बरोबरीत असताना असे आकडे वेगळे काढणं. हिग्वेनने १४ व्या मिनिटाला माद्रिदला पुढे नेलं, १८ व्याला ऑन्रीने बरोबरी केली, २० व्याला पुयोलने आघाडी दिली. म्हणजे वाढीव वेळ सोडला तर ९० पैकी १६ मिनिटं बरोबरी, ४ मिनिटं बार्सिलोना मागे आणि तब्बल ७० मिनिटं पुढे. परक्या मैदानावर आघाडी घेतलेला संघ सहसा मागे सरतो, यजमान चेंडू घेऊन चढत राहतात, शॉट वाढवतात. अशा ७० मिनिटांचे आकडे बरोबरीच्या १६ मिनिटांत मिसळले तर दोन्हींचा अर्थ जातो. आणि तुलना करायची तर त्याच संघाच्या त्याच मोसमातल्या इतर अवे सामन्यांशी करा, घरच्या सामन्यांशी नाही. घरच्या मैदानाचा फायदा खरा असतो. २०२० मध्ये रिकाम्या स्टेडियममध्ये सामने झाले तेव्हा तो घटलेला दिसला.

ही वाटणी करताना मिनिटांवरून नोंदी लावू नका. पहिल्या हाफच्या वाढीव वेळेतलं ४६ वं मिनिट आणि दुसऱ्या हाफचं ४६ वं मिनिट फाइलमध्ये एकच दिसतं, आणि मध्यंतराआधीचा पास मध्यंतरानंतरच्या पासांत जाऊन बसतो. आधी हाफ, मग वेळ. हे वर सांगायला हवं होतं.

माझ्या तक्त्यात सर्वांत लहान ओळ दोन मिनिटांची आहे. ५६ व्या मिनिटाला माद्रिदच्या रामोसने गोल करून बार्सिलोनाची आघाडी ३-२ वर आणली, अख्खं बर्नाब्यू जागं झालं, आणि ५८ व्याला ऑन्रीने ४-२ केलं. त्या ओळीतल्या टक्केवाऱ्या मी खोडून टाकल्या. दोन मिनिटांत टक्केवारी काढण्याइतके पासच नसतात. तिथे फक्त ‘व्हिडिओ बघा’ असं लिहून ठेवलं आहे.