लेखकाची खोकी संग्रहालयात येतात तेव्हा

साहित्य संग्रहालयात एखाद्या लेखकाची कागदपत्रं आली की पहिला मोह होतो तो सगळं नीट लावून टाकण्याचा. तो आवरायचा. कागद ज्या क्रमाने आले, तो आधी नोंदवायचा. कोणता खर्डा आधीचा, हे पुष्कळदा त्यावरूनच कळतं.

टाचण्या, स्टेपल, रबरबँड मात्र लगेच काढावेत. गंज कागद खातो. कसरीचा संशय असेल तर कागद पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशांवर एक-दोन आठवडे ठेवतात. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तरी उघडायची नाही, नाहीतर गार कागदावर पाणी धरतं.

चिकटपट्टी कधीच नको. तिचा गोंद कागदात मुरतो आणि पिवळा डाग राहतो. फाटलेल्या जागी पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ लावतात, कारण ती पुढे ओलाव्याने सोडवता येते. लॅमिनेशन ही तर हस्तलिखिताला जन्मठेपच!

प्रदर्शनात मांडताना प्रकाश ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) आत, तोही काही महिनेच. मंद उजेडाचंही नुकसान साठत जातं, अंधारात ठेवून ते भरून निघत नाही. म्हणून पान उलटायचं, किंवा प्रतिकृती ठेवायची आणि फलकावर तसं स्पष्ट लिहायचं.