कऱ्हाडहून शिवाजीनगर: लिनक्सवाल्यांच्या संमेलनातले दोन दिवस

पहाटेच्या एसटीने कऱ्हाड सोडलं तेव्हा पिशवीत शाळेचा एक जुना लॅपटॉप होता. त्याचं वाय-फाय काही केल्या चालत नव्हतं. पेन ड्राइव्हवर शाळेच्या जनरल रजिस्टरमधला फक्त गावांचा रकाना घेतला होता, मुलांची नावं काढून टाकून. आणि एका वहीच्या शेवटच्या पानावर सात प्रश्न लिहिले होते. पुण्यात लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली, वापरणाऱ्यांचं दोन दिवसांचं संमेलन होतं, शनिवार-रविवार, प्रवेश मोफत. अशा ठिकाणी मी पहिल्यांदाच जात होते. परत आल्यावर तीन शाळांतल्या शिक्षकांनी फोन करून विचारलं, "मॅडम, आम्ही गेलो तर आम्हाला काही कळेल का?" त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधी जाण्याचं कारण. आमच्या संगणक कक्षात १४ यंत्रं आहेत, चौथ्या पिढीची आय-थ्री, चार जीबी रॅम. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलची साधारण आठव्या पिढीपासूनची चिप लागते. आमची यंत्रं त्यात बसत नाहीत, पण ती बंद पडलेली नाहीत. मुलं त्यांवर रोज टंकलेखन करतात, गणिताचे तक्ते करतात. चालतं यंत्र भंगारात द्यायला माझं मन तयार नव्हतं, म्हणून लिनक्सकडे वळायचं ठरवलं.

कऱ्हाड ते स्वारगेट साधारण एकशेसाठ किलोमीटर. महिलांना एसटीत अर्धं तिकीट लागतं, त्यामुळे खर्चाचा प्रश्न फारसा नव्हता. स्वारगेटला उतरलात की रिक्षाच्या मागे लागू नका. मेट्रोचं स्टेशन तिथेच आहे. मंडई, कसबा पेठ, जिल्हा न्यायालय आणि चौथं शिवाजीनगर. सगळा मार्ग जमिनीखालून आहे आणि पहिली गाडी सकाळी सहाला सुटते. वनाज किंवा रामवाडीकडून येणाऱ्यांनी जिल्हा न्यायालयाला गाडी बदलायची. नाशिक-नगरकडून एसटीने येणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवा, जुनं शिवाजीनगर बसस्थानक आता वाकडेवाडीला हललं आहे. "शिवाजीनगर" ऐकून मेट्रो स्टेशनच्या दारात उतरायला मिळेल असं समजू नका.

संमेलन एका इंजिनिअरिंग कॉलेजात होतं. नोंदणीच्या टेबलावर दोन विद्यार्थिनी होत्या. गळ्यात अडकवायचं कार्ड देताना एकीने विचारलं, "तुम्ही काय वापरता?" मी म्हटलं, लॅबमध्ये अजून काहीच नाही. तिने कार्डावर नावाखाली "शिक्षिका, शाळेची लॅब" असं लिहून दिलं. त्या एका ओळीने पुढच्या दोन दिवसांत माझं निम्मं काम केलं, कारण ती वाचून लोक स्वतःहून बोलायला यायचे. कार्डावर नुसतं नाव लिहू नका, कशासाठी आलात ते लिहा.

पुण्याला या गोष्टीची जुनी सवय आहे. इथला प्लग हा लिनक्स वापरणाऱ्यांचा गट देशातल्या जुन्या गटांपैकी एक. सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत ग्नुनिफाय हे मुक्त सॉफ्टवेअरचं संमेलन भरायचं. फेडोरा ही लिनक्सची एक जात वापरणाऱ्यांची आणि बनवणाऱ्यांची फडकॉन ही परिषद पुण्यात दोनदा झाली, नोव्हेंबर २०११ मध्ये सीओईपीला आणि जून २०१५ मध्ये एमआयटीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. माझ्याशेजारी बसलेले एक काका जुन्या दिवसांबद्दल सांगत होते. तेव्हा घरी इंटरनेट इतकं हळू असायचं की अख्खी सीडी उतरवणं शक्यच नव्हतं, म्हणून लोक महिन्याच्या बैठकीला कोऱ्या सीडी घेऊन यायचे आणि भरून न्यायचे. उबुंटू या लिनक्सच्या दुसऱ्या एका जातीचे लोक २०११ पर्यंत पोस्टाने फुकट सीडी पाठवायचे. काकांकडची तशी एक सीडी अजून पाकिटासकट जपून ठेवलेली आहे. हे ऐकताना मला पटलं की हे गट मुळात गरजेतून उभे राहिले, हौसेतून नव्हे. आज डाउनलोडची अडचण उरली नाही, तरी अडलेल्या माणसाला शेजारी बसून दाखवणारा माणूस लागतोच.

पहिल्या दिवशी सकाळची तीन व्याख्यानं मी ऐकली. एक कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, आतल्या रचनेवर होतं. ते माझ्या आवाक्याबाहेरचं होतं, म्हणून त्यावर काही लिहीत नाही. दुपारी मी इन्स्टॉल फेस्टच्या, म्हणजे आणलेल्या यंत्रांवर लिनक्स बसवून देतात त्या, खोलीत गेले आणि संध्याकाळपर्यंत तिथेच राहिले.

लांब टेबलं, मध्ये एक्स्टेन्शन बोर्ड, प्रत्येक टेबलाशी एक-दोन स्वयंसेवक. माझ्या वाट्याला शेवटच्या वर्षाचा एक मुलगा आला. त्याने लॅपटॉप उघडला, एलएसपीसीआय ही यंत्रातले भाग दाखवणारी कमांड दिली आणि यादीतली एक ओळ बोटाने दाखवली. म्हणाला, "मॅडम, वाय-फायची चिप सापडली आहे. तिला लागणारं फर्मवेअर, म्हणजे चिप चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, नाही." मी म्हटलं, यावर टाकलेली लिनक्सची जात डेबियन आहे, आणि डेबियन १२ पासून फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येतं असं वाचलं होतं. "बरोबर आहे," तो म्हणाला, "त्यासाठी २०२२ मध्ये डेबियनवाल्यांनी मतदानच घेतलं होतं. पण जे वाटायची परवानगी आहे तेवढंच आत येतं. या जुन्या चिपच्या फर्मवेअरला ती परवानगी नाही, म्हणून ते नेटवरून उतरवावं लागतं." म्हणजे नेट चालवायला आधी नेट हवं. उपाय अगदी सोपा होता: फोन केबलने लॅपटॉपला जोडायचा आणि यूएसबी टेदरिंग चालू करायचं, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला मिळतं. मी केबल दिली, काहीच झालं नाही. माझी केबल फक्त चार्जिंगची होती, तिच्यातून डेटा जातच नव्हता. त्याने स्वतःची केबल लावली, एक पॅकेज बसवलं, यंत्र पुन्हा सुरू केलं, आणि कोपऱ्यात वाय-फायची यादी उघडली. आठ महिने अडलेलं काम वीस मिनिटांत झालं.

तेव्हा बरोबर डेटाची केबल न्या, आणि ती घरी तपासून न्या. नवीन प्रणालीची आयएसओ फाइल घरूनच उतरवून पेन ड्राइव्हवर घ्या, कारण शंभर माणसं एका वाय-फायवर बसली की ते रांगतं. ज्या यंत्रावर नवीन प्रणाली टाकायची आहे त्यातला सगळा डेटा आदल्या रात्री दुसरीकडे उतरवा. माझ्या समोरच्या टेबलावर एक मुलगी आली होती. तिच्या लॅपटॉपला बिटलॉकर हे विंडोजचं डेटाचं कुलूप लावलेलं होतं आणि रिकव्हरी की घरी राहिली होती. स्वयंसेवकाने हात लावायला नकार दिला आणि ते योग्यच केलं. चार्जर न्या, दोन पिनांचा असो की तीन, सोबत एक मल्टिप्लग टाका.

त्याच मुलाकडून लॅबसाठी आणखी एक गोष्ट कळली. चार जीबी रॅमसाठी एक्सएफसीई हे हलकं डेस्कटॉप घ्यावं, हे मला ठाऊक होतं. पण १४ यंत्रं एकाच वेळी अपडेट उतरवायला लागली तर शाळेचं नेट बसेल, याची मला भीती होती. त्याने सांगितलं, एका यंत्रावर अ‍ॅप्ट-कॅशर-एनजी बसवा. पहिलं यंत्र पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरचा गठ्ठा, मागेल तेव्हा ते बाहेरून येईल आणि तिथे साठेल, बाकीची तेरा यंत्रं ते आतल्या आतच घेतील. डेबियन किंवा उबुंटू वापरणाऱ्या कोणत्याही शाळेला हा सल्ला लागू पडेल.

आता माझा खरा प्रश्न. आमच्या रजिस्टरमध्ये ६१२ नोंदी आहेत. शोधात "कऱ्हाड" टाकलं की १४७ सापडायच्या. निम्म्याहून जास्त मुलं कऱ्हाडची असताना हे शक्यच नव्हतं, आणि पडद्यावर तर बहुतेक ठिकाणी शब्द अगदी सारखा दिसत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मराठीकरणाच्या टेबलावर मी हा रकाना उघडला. तिथे एक ताई फाँटचं काम करतात. त्यांनी लिबरऑफिस या मोफत ऑफिस-सॉफ्टवेअरमध्ये अक्षराच्या पुढे कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स दाबलं, की अक्षराच्या जागी त्याचा युनिकोड क्रमांक, म्हणजे यंत्रासाठी ठरलेला त्या अक्षराचा आकडा, दिसला. एका ओळीत ०९३१ होता, म्हणजे ऱ. दुसऱ्या ओळीत ०९३० म्हणजे साधा र, मग हलन्त, आणि त्याच्या मागे २००डी. हा २००डी म्हणजे न दिसणारा जोडक. दोन्हींचं रूप एकच, पण यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. काही ठिकाणी तिसराच प्रकार होता. साधा र आणि हलन्त, जोडक नाही, त्यामुळे रफार होऊन "कर्हाड" झालेलं.

युनिकोडने ऱ ला हलन्त लावण्याची रीत पसंत केली आहे, जोडकाची रीत जुन्या मजकुरासाठी चालू ठेवली आहे. इनस्क्रिप्ट या मराठी कळफलकात शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ येतो, मग डी दाबून हलन्त, मग यू दाबून ह. म्हणजे कळफलकात सोय पहिल्यापासून आहे, आम्ही ती मुलांना शिकवलीच नव्हती. दुरुस्ती करताना ताईंनी एक धोका सांगितला. नुसता २००डी काढून टाकलात तर रफार होईल आणि चुकीत भरच पडेल. र, हलन्त आणि जोडक हे तीनही मिळून शोधायचे आणि त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त ठेवायचा. आणि रफार झालेले शब्द सरसकट बदलायचे नाहीत, पूर्ण शब्द घेऊनच बदलायचे. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या आणि दर्या म्हणजे समुद्र, दोन्ही मराठीच. आचाऱ्यास बोलावलं तर स्वयंपाकी येईल, आचार्यास बोलावलं तर गुरुजी येतील. ज्या भाषेत एवढ्याशा खुणेने अर्थ बदलतो, तिच्यासाठी यंत्राला काय कळतं हे बघणारं माणूस हवंच. लोहित हा फाँट रेड हॅटने सगळ्यांसाठी मोकळा केला आणि त्यावरचं बरंचसं काम पुण्यात झालं, हेही त्याच टेबलावर कळलं.

जेवणानंतर त्या टेबलावर भाषांतर चाललं होतं. एका बाजूला मूळ वाक्य, दुसऱ्या बाजूला मराठी. "सेटिंग्ज" ला काय म्हणावं यावर अर्धा तास चर्चा झाली. मांडणी, रचना, जुळणी, सगळं सुचवून झालं. मला विचारलं तेव्हा मी खरं ते सांगितलं: पाचवीतली मुलंसुद्धा सेटिंग्ज म्हणतात, आणि तेच शुद्ध देवनागरीत लिहिलेलं त्यांना वाचता येतं. पण "सेव्ह" ला "जतन करा" त्यांना लगेच कळतं, ते काढू नका. दोन्ही सूचना घेतल्या गेल्या. वर्गात रोज मुलांसमोर उभ्या राहणाऱ्या माणसाचं मत इथे लागतं. शिक्षकांनी या टेबलावर नक्की बसावं, प्रोग्रामिंग येण्याची अट नाही.

कोपऱ्यात फ्रीबीएसडी वापरणारे दोघे होते. त्यांची प्रणाली लिनक्स नव्हे, बर्कलीच्या युनिक्सच्या वंशातली. त्यांच्या परिषदा ओटावात, आशियात आणि युरोपात भरतात. त्यांच्या हँडबुकचं त्यांनी फार कौतुक केलं आणि मी ते घरी येऊन चाळलं, कौतुक योग्य आहे. संध्याकाळी डेबियनच्या लोकांचं की-सायनिंग झालं, म्हणजे एकमेकांची ओळख पटवून डिजिटल किल्ल्यांवर सह्या करणं. प्रत्येकाच्या हातात आपल्या किल्लीच्या ठशाचे चाळीस अंक-अक्षरं लिहिलेला कागद, आणि ओळखपत्र. समोरच्याचं ओळखपत्र बघायचं, कागद पडताळायचा, आणि मग घरी जाऊन सही करायची. डेबियनचा अधिकृत डेव्हलपर व्हायचं तर आधीच्या डेव्हलपरांच्या सह्या सहसा लागतात, त्यासाठी माणसाला प्रत्यक्ष भेटणं उपयोगी पडतं. कोणाला यात रस असेल तर सरकारी ओळखपत्र आणि ठशाचे छापील कागद घेऊन जा. डेबियनची जागतिक परिषद डेबकॉन सप्टेंबर २०२३ मध्ये कोचीला झाली, भारतातली पहिलीच. डेबकॉनला जायचं तर प्रवास आणि राहण्यासाठी मदत मिळू शकते, पण अर्ज कित्येक महिने आधी करावा लागतो.

राहायला मी मावसबहिणीकडे कोथरूडला होते. नातेवाईक नसतील तर स्वारगेटच्या आसपास राहा आणि मेट्रोने या. शिवाजीनगर आणि फर्ग्युसन रस्त्यावर लॉज महाग पडतात. संमेलनात चहा-पोहे होते, जेवण आपलं आपण. रविवारी सकाळी वैशाली हॉटेलात जायचा मोह झाला तर लवकर जा, दारात रांग असते आणि पहिलं सत्र चुकतं. एकट्या बाईने जाण्याबद्दल दोघींनी विचारलं, म्हणून सांगते. बायका कमी होत्या, साधारण पाचात एक, पण कोणी मला "तुम्हाला कळणार नाही" असं म्हटलं नाही. प्रश्न लहान आणि नेमका विचारा. "लिनक्स कसं शिकायचं" याला कोणी उत्तर देऊ शकत नाही, "या यंत्रात आवाज का येत नाही" याला चार जण धावतात.

माझ्या सात प्रश्नांपैकी पाच सुटले. स्कॅनर आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांचा प्रश्न राहिला, तो महिन्याच्या बैठकीत मांडणार आहे. सोमवारी लॅबमध्ये फळ्यावर शिफ्ट-जे, डी, यू एवढंच लिहिलं. नववीतल्या एका मुलीने पत्ता टाइप केला आणि म्हणाली, "बाई, आता आपलं गाव बरोबर आलं." पुढच्या वेळी तिला आणि तिच्या मैत्रिणीला घेऊन जायचं आहे. संमतीपत्रं पालकांकडे पाठवली आहेत.