नकार देणारे कॅमेरे

माझ्याकडच्या जुन्या कॅमेऱ्यांत ऑलिम्पस ट्रिप ३५ माझा लाडका आहे, कारण तो नाही म्हणतो. ऑटोवर असताना उजेड कमी पडला, की व्ह्यूफाइंडरमध्ये एक लाल पट्टी वर येते आणि बटण अडून बसतं. १९६७ सालच्या या कॅमेऱ्याला सेल लागत नाही. भिंगाभोवतीच्या, बारीक फोड आल्यासारख्या दिसणाऱ्या काचेमागे सेलेनियम असतं, त्यावर पडलेल्या उजेडातून जी काय वीज तयार होते तिच्यावर आतला काटा हलतो. काटा हलला नाही तर फोटो नाही, विषय संपला. भिंगावरचं झाकण तसंच राहिलं तरी तेच. फोनची सवय असलेल्यांना हा उद्धटपणा वाटतो. मला तो आवडतो.

संग्रह वाढला तशा एकेकाच्या अटी कळत गेल्या. रशियन झोर्कीत शटरचा वेग बदलायचा तर आधी चावी फिरवून शटर ताणून घ्यायचं, नाहीतर आतलं गणित बिघडू शकतं. रॉलिफ्लेक्समध्ये मान खाली घालून बघायचं, आणि दिसतं ते डावं-उजवं उलटं. मूल उजवीकडे पळालं की काचेवर ते डावीकडे पळतं, आणि नवखा हात हमखास भलतीकडे वळतो. त्यात १२० नावाच्या रुंद फिल्मच्या रोलवर फोटो बाराच. लायकाने १९२५ मध्ये सिनेमाची फिल्म खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यात आणली, तेव्हा लोकांना किती चैन वाटली असेल!

हे कॅमेरे काचेच्या कपाटात मांडून ठेवणं मला पटत नाही. शोभा होते, पण आत तेल घट्ट होतं आणि आधी जातात ते शटरचे संथ वेग. कॅमेरा घेताना म्हणूनच मी चकाकीकडे बघत नाही. वेग एक सेकंदावर ठेवतो, बटण दाबतो आणि कान लावतो. चांगल्या शटरची चाकं एका दमात घरघरतात आणि टक् करून थांबतात. मधेच अडखळली, दम खाल्ला, तर दुरुस्तीचं काम आहे. मग भिंग उजेडाकडे धरून बुरशीची जाळी शोधायची. शेवटी मागचं झाकण उघडून कडेच्या फोमला बोट लावायचं. बोटाला काळा चिकटा लागला, तर फोटोंवर उजेडाचे ओघळ येणार. फोम बदलता येतो. बुरशीने काच खाल्ली असेल तर हात जोडावेत.

उजेड मोजणारा मीटर मेलेला असला तरी मी कॅमेरा घेतो. लख्ख ऊन असेल तर अॅपर्चर, म्हणजे भिंगातलं उजेडाचं छिद्र, १६ वर आणि १०० संवेदनशीलतेच्या (ISO) फिल्मला शटरचा वेग १/१२५ सेकंद. सावलीच्या कडा पुसट झाल्या की अॅपर्चर एक पायरी उघडायचं, सावलीच दिसेनाशी झाली की आणखी एखाददोन. या नादात माणूस चेहऱ्यांआधी सावल्या बघायला लागतो, हे मात्र खरं.

पण जिथे नकार द्यायला हवा, तिथे यातले बहुतेक कॅमेरे गप्प बसतात. फिल्मचं टोक रिळात नीट अडकलं नाही तरी चावी फिरते, शटर उडतं, आकडा पुढे सरकतो. त्यामुळे चावी फिरवताना डावीकडची रिवाइंडची गुंडी आपोआप फिरते का, तेवढं बघत जावं. आणि ३९ वा फोटोही सुरळीत निघाला, तर खूश होऊ नये. रोल ३६ चा होता.