कडीपाटाचा बाक

पावसाळा तोंडावर आला की महापालिका गावातल्या धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. गावात म्हणजे जुन्या नाशकात. कॉलेज रोडला राहणारा माणूसही अजून 'जरा गावात जाऊन येतो' असंच म्हणतो. काही वाडे नोटिशीला दाद देत नाहीत, काही एखाद्या मुसळधार रात्री स्वतःच अंग टाकतात आणि काही रीतसर उतरवले जातात. उतरवलेल्या वाड्याच्या विटामातीला कुणी विचारत नाही. लाकूड मात्र वखारीत पोचतं आणि घनफुटावर विकलं जातं.

वखारीत रचलेल्या त्या ढिगात आधी काहीच ओळखू येत नाही. सगळं एकाच रंगाचं, धुळीचं. हळूहळू नजर बसते. हा खांब, ही तुळई, या छताच्या कड्या, हे कडीपाटाचे, म्हणजे कड्यांवर फळ्या टाकून केलेल्या छताचे, पाट. एखादी कडी काजळीने काळी पडलेली असते, म्हणजे ती चुलीवरच्या छतातली. एखादीच्या टोकाला वीतभर चुना दिसतो. तेवढा भाग भिंतीत गेलेला. ते टोक आधी कापून टाकायचं, कारण भिंतीतली ओल आणि वाळवी यांनी पहिला घास तिथेच घेतलेला असतो. सागाच्या गाभ्याच्या वाटेला वाळवी सहसा जात नाही, त्याच्या अंगचं तेल तिला मानवत नाही. बाहेरचा पांढरा भाग मात्र भुंग्याच्या आवडीचा. बोटाने वाजवून बघावं. आवाज पोकळ आला तर दुकानदार कितीही गोड बोलो, पुढच्या तुकड्याकडे वळावं.

बागेतल्या बाकाला याहून चांगलं लाकूड मिळणं कठीण. वर्षानुवर्षं छतात वाळलेली कडी आता आणखी काय पीळ खाणार?

स्वस्तातला मार्ग सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून येतो: पॅकिंगची खोकी आणि पॅलेट, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौकटी. निर्यातीच्या पॅलेटवर लोंबीचं चित्र असलेला शिक्का असतो. त्यात एचटी ही अक्षरं असली तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला निदान ३० मिनिटं तापवलेलं असतं. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. ते घरी आणूच नये. एचटीवालं आणलं तरी ते बहुतेक पाइनचं निघतं, आणि उघड्यावर आपल्या पावसात ते फार काळ तग धरत नाही. गॅलरीत ठेवायचं तर ठीक.

जुन्या लाकडाचा बाक आधी कागदावर आखून भागत नाही. चार फुटी, बिनपाठीच्या बाकाला घनफूटभर लाकूड पुरतं, फार तर सव्वा. पण ते कोणत्या आकारात हाती लागेल हे वखार ठरवते. कडी तीन इंची मिळाली की पाय तीन इंची. पाट दीड इंची मिळाले की बैठक दीड इंची. आपण हट्ट धरायचा तो दोन-तीन मापांचा. बसायची उंची १७ इंच (घरात कुणाचे गुडघे कुरकुरत असतील तर १८), रुंदी १५ ते १६, आणि दोन पाटांमध्ये पाव इंच फट. फट नसली तर पाणी वर साचून राहतं, आणि साग झाला तरी शेवटी लाकूडच ते.

आमच्या मिस्त्रींनी रंध्याला हात लावायच्या आधीच बजावलं, "पहिले लोहचुंबक फिरवा साहेब. एक खिळा राहिला तर माझं पातं जाईल." मग अख्खी सकाळ खिळे काढण्यात गेली. ते खिळे बघण्यासारखे होते. चौकोनी अंगाचे, लोहाराने ठोकलेले, एकासारखा दुसरा नाही. जंबुराने ओढले की चर्र आवाज करत, नाइलाजाने बाहेर येत. निघालेल्या भोकाभोवती गंजाचं काळं वर्तुळ.

एका कडीला मोठं आरपार भोक होतं, झोपाळ्याच्या आकड्याचं. मिस्त्री म्हणाले, लांबी (भोकं बुजवायचा लगदा) भरून टाकू, दिसणार नाही. मी नको म्हटलं. ती कडी चिरून बैठकीच्या कडेला लावली, भोकासकट. त्यात आता सोसायटीतली पोरं खडे टाकतात.

पॉलिशवरूनही जुंपली. मिस्त्रींना मेलामाइनची चकाकी हवी होती. ती घरातल्या कपाटाला शोभते; ऊन-पावसात तिचे पापुद्रे सुटतात. शेवटी जवसाचं तेल फडक्याने चोळलं. तेलकट फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, मोकळ्यावर पसरून वाळवावीत. हे तेल सुकताना तापतं आणि फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. पायांखाली शहाबादीचे तुकडे ठेवले, म्हणजे मातीतली ओल वर चढत नाही. वरचा रंग उन्हाने राखाडी होत जाईल. होऊ दे.

ज्या वाड्यांतून हे लाकूड येतं, त्यांना ओटे असत. बंगले आले तेव्हा ओट्याचं पोर्च झालं, अपार्टमेंट आल्यावर पार्किंग. बसायला उरल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि खुर्ची म्हटली की ती कुणा एकाची. तिच्यावर 'बसा' म्हणावं लागतं, मग 'चहा घेता का' आलं. बाकावर माणूस न विचारता टेकतो आणि न सांगता उठतो. आमच्याकडे दुपारी इस्त्रीवाला टेकतो, संध्याकाळी क्लासहून येणाऱ्या मुली. सेक्रेटरींनी तो सिमेंटमध्ये पक्का करायचं सुचवलं होतं. मी हो-ना काहीच म्हटलं नाही. अशा गोष्टी सोसायटीत आपोआप राहून जातात.

आता बी विंगमधल्या काकूंना तसाच हवाय, पण पाठ असलेला. पाठ आली की तिला थोडा कलता उतार आला, मागचे पाय लांब आले, मजुरी वाढली. मिस्त्री म्हणाले, "पाठ हवी तर जुनं दार बघा, त्याच्या फळ्या पुरतील." तेव्हापासून काकू सराफ बाजारात निघाल्या की वाटेवरची सगळी दारं निरखत जातात, आणि त्यातल्या बऱ्याच दारांआड माणसं अजून राहताहेत.