साक्रीच्या पवनचक्क्या आणि क्योटोचा कागद

माझ्या मामाचं गाव धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, ब्राह्मणवेलकडच्या पट्ट्यात. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचो तेव्हा डोंगरावर कुसळी गवत आणि बकऱ्या, बाकी काही नाही. मग २००६-०७ च्या आसपास गेलो तर अख्ख्या धारेवर पवनचक्क्या, आणि पाती घेऊन जाणारा एक लांबलचक ट्रेलर वळणावर असा अडकलेला की आमची एसटी दीड तास जागची हलली नाही. मामा तेव्हापासून एकच डायलॉग मारतो, "पंखा आमना डोंगरवर फिरतस, आन लाईट आमनीच जास."

आता हे सगळं आठवायचं कारण म्हणजे यंदा मे महिन्यात जळगावच्या उकाड्यात झोप लागेना म्हणून मोबाईलवर हवामान परिषदांबद्दल वाचत बसलो आणि वाचता वाचता कळलं की धुळे जिल्ह्यातले पवनचक्क्यांचे बरेच प्रकल्प क्योटो कराराखाली रजिस्टर झालेले होते! म्हणजे जपानमधल्या क्योटोत १९९७ साली कागद ठरला आणि त्याचं एक टोक आमच्या मामाच्या बांधाजवळ निघालं, आणि आम्हाला पत्ताच नाही.

त्या कागदात होतं काय, तर श्रीमंत देशांनी २००८ ते २०१२ मध्ये आपला धूर, म्हणजे तापमान वाढवणारे वायू, १९९० च्या मानाने सरासरी ५ टक्के कमी करायचा. भारत-चीनवर बंधन नाही. ह्यामागचं तत्त्व १९९२ च्या रिओ परिषदेत ठरलेलं, जबाबदारी सगळ्यांची पण सारखी नाही. आपल्याकडे वाटणीला बसलेल्या घरात हे पटकन कळतं बघा. थोरल्याने वीस वर्षं विहीर उपसून बागायत केली, बंगला बांधला, आणि पाणी तळाला गेल्यावर म्हणतो आता सगळ्यांनी मोटर सारखीच एक तास चालवायची. धाकटा ऐकेल का? पण थोरला अमेरिकाही ऐकणारा नव्हता, क्योटोच्या आधीच तिथल्या सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी सांगून टाकलं होतं की गरीब देशांवर बंधन नसेल तर आम्ही नाही. त्यांनी सही केली पण मंजुरी कधीच दिली नाही. शेवटी रशिया तयार झाला तेव्हा कुठे फेब्रुवारी २००५ मध्ये करार लागू झाला, म्हणजे सात वर्षं नुसती मनधरणी.

आणि ह्यातच ती पळवाट म्हणा की सोय म्हणा, सीडीएम (क्लीन डेव्हलपमेंट मेकॅनिझम). युरोपातल्या कंपनीला स्वतःचा धूर कमी करणं महाग पडत असेल तर तिने भारतासारख्या देशात वाचलेल्या धुराचं क्रेडिट विकत घ्यायचं, एक टन कार्बन डायऑक्साइड म्हणजे एक क्रेडिट. हिशोब असा की पवनचक्की नसती तर तेवढी वीज कोळशावर, म्हणजे आपल्या भुसावळच्या दीपनगरसारख्या ठिकाणी झाली असती. मुख्य अट अशी की क्रेडिटच्या पैशाशिवाय प्रकल्प उभाच राहिला नसता हे दाखवायचं. इथे मला जरा हसू आलं, कारण त्या काळात पवनचक्की घेणाऱ्याला पहिल्याच वर्षी ८० टक्के घसारा (यंत्राच्या किमतीतली घट) दाखवून टॅक्स वाचवता यायचा, त्या सवलतीसाठी बाहेरचे पैसेवाले रांगेत होते. पुढे २०१२ पर्यंत क्रेडिटचा भाव एवढा कोसळला की वीसेक युरोवरून एका युरोच्याही खाली, आपला कापूस बरा म्हणायचा.

नंतरच्या परिषदांमध्ये मला तर शब्दांचीच भांडणं जास्त दिसली. २०१५ ला पॅरिसमध्ये अगदी शेवटच्या क्षणी एका ठिकाणी श्रीमंत देश धूर कमी 'करतील' असं बंधनाचं होतं ते त्यांनी कमी 'करावा' असं झालं, नाहीतर अमेरिकेला सिनेटकडे जावं लागलं असतं, आणि छपाईतली चूक म्हणून ते दुरुस्त केलं! ग्लासगोला २०२१ मध्ये कोळसा 'बंद करत नेणे' याचं 'कमी करत नेणे' झालं, ती दुरुस्ती आपले पर्यावरणमंत्री भूपेंद्र यादवांनी वाचून दाखवली आणि परिषदेचे अध्यक्ष आलोक शर्मांचा गळा दाटून आला. भारताला तेव्हा खूप शिव्या पडल्या. मला विचाराल तर दीपनगरच्या राखेत राहणाऱ्यालाही तो कोळसा बंद झालेला हवाच आहे, पण तेल आणि गॅसचा वापर कमी करण्याबद्दल त्या वाक्यात चकार शब्द नव्हता हेही खरं.

पैशाचं तर विचारूच नका. २००९ ला कोपनहेगनच्या परिषदेत श्रीमंत देशांनी गरीब देशांना कबूल केलं की २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर देऊ, ते पहिल्यांदा पुरे भरले २०२२ मध्ये, आणि त्यातही बरंचसं कर्जच. २०२४ ला बाकूमध्ये गरीब देश वर्षाला १.३ लाख कोटी डॉलर मागत होते, ठरले वर्षाला ३०० अब्ज, तेही २०३५ पर्यंत. अध्यक्षांचा हातोडा पडून ठराव मंजूर झाल्यावर भारताच्या प्रतिनिधी उठून म्हणाल्या आम्हाला हे मान्य नाही. पण हातोडा पडला होता.

बाकूमध्येच नव्या कार्बन बाजाराचे नियमही पक्के झाले, जुन्या सीडीएममधल्या काही प्रकल्पांना त्यात यायची सोय ठेवली होती. मामाला फोनवर हे सगळं सांगितलं, क्योटोपासून. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग आमले काय भेटनं?" मी म्हटलं क्रेडिट चक्कीच्या मालकाचं असतं मामा, डोंगराचं नाही. तर म्हणे, बरं, तू कवय येस? मी म्हटलं पाऊस पडल्यावर.