तुम्ही विचारलंत म्हणून: आमची २६ जानेवारी

"तुमची काय चंगळ! एकाच दिवशी दोन देशांचे सण." दर जानेवारीत साताऱ्याहून, पुण्याहून कोणी ना कोणी हे म्हणतंच. पाठोपाठ प्रश्न येतो, "ऑस्ट्रेलिया डेला काय करता गं?" मी "काही नाही" म्हणून विषय बदलते. यंदा मामींनी मात्र सोडलं नाही. "काही नाही म्हणजे? ज्या देशाचं खाता त्याचा एक दिवस साजरा करवत नाही?" फोनवर मला धड सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

मामी, मी इथली नागरिक झाले तीसुद्धा २६ जानेवारीलाच. मेलबर्नमधल्या आमच्या कौन्सिलच्या (म्हणजे नगरपालिकेच्या) पत्रात तीच तारीख होती आणि आम्ही दोघं हरखून गेलो होतो. मी नऊवारी नेसले होते. शपथ झाली, हातात देशी झाडाचं एक रोपटं मिळालं. पण त्याआधी व्यासपीठावरून एक वाक्य वाचलं गेलं: आपण वुरुंजेरी या इथल्या मूळ रहिवाशांच्या भूमीवर जमलो आहोत. सगळे क्षणभर गप्प झाले आणि मग कार्यक्रम सुरू झाला. ज्यांची भूमी ते कुठे आहेत, हे मात्र कोणी सांगितलं नाही. मी शोधायला लागले ती त्या वाक्यामुळे.

२६ जानेवारी १७८८ ला आर्थर फिलिपने सिडनीच्या खाडीत ब्रिटिश झेंडा रोवला. ११ जहाजांतून कैदी आणि शिपाई आले होते. तो किनारा गॅडिगल लोकांचा. या खंडात माणूस किमान ६०,००० वर्षांपासून राहतोय, अडीचशेहून जास्त भाषा बोलल्या जात होत्या. पुढच्याच वर्षी सिडनीच्या आसपास देवीची साथ आली आणि वस्त्याच्या वस्त्या ओस पडल्या. ऑस्ट्रेलिया डे आहे तो त्या झेंड्याचा.

मला सगळ्यात जास्त हलवलं ते १९३८ ने. झेंड्याला दीडशे वर्षं झाली म्हणून सिडनीत मोठा उत्सव होता. आगमनाचं नाटक करायला दूरच्या मेनिंडीहून आदिवासी पुरुषांना आणून उभं केलं होतं. त्याच दिवशी, त्याच शहरात विल्यम कूपर, जॅक पॅटन, विल्यम फर्ग्युसन या आदिवासी नेत्यांनी एका सभागृहात शोकदिन पाळला आणि समान नागरिकत्वाचा ठराव केला. आणि आपल्याकडे? १९३० पासून २६ जानेवारीला गावोगाव पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली जायची. म्हणून तर प्रजासत्ताकासाठी पुढे हीच तारीख निवडली. एकाच साम्राज्याखालचे दोन समाज, एकाच तारखेला, आपापले हक्क मागत होते. हे वाचल्यावर त्या दिवशी समुद्रकिनारी बार्बेक्यू लावणं मला जमेना.

"पण आपण कुठे कोणाची जमीन बळकावली?" हे आमच्या इथल्या मराठी मंडळींतही ऐकू येतं. खरं आहे, आम्ही कर्ज काढून घर घेतलं. पण या जमिनीचा सातबारा मागे मागे नेला, तर शेवटी नाव येतं ब्रिटिश राजसत्तेचं. त्यामागे पानच नाही. १८३५ मध्ये जॉन बॅटमन नावाच्या गोऱ्या वसाहतवाल्याने मेलबर्नच्या परिसरातली ६ लाख एकर जमीन घोंगड्या, सुऱ्या, आरसे, पीठ देऊन 'विकत' घेतल्याचा कागद केला. गव्हर्नर बर्कने तो रद्द केला. मोबदला कमी म्हणून नव्हे, तर जमीन राजसत्तेची, ती विकायचा मूळ लोकांना अधिकारच नाही म्हणून! ही जमीन कोणाचीच नव्हती, हा समज उच्च न्यायालयाने (इथलं सर्वोच्च न्यायालय तेच) मोडला तो ३ जून १९९२ ला, एडी माबो या मूळ रहिवाशाने जमिनीसाठी लढलेल्या खटल्यात. माबो जानेवारीतच वारले होते. निकाल त्यांना ऐकता आला नाही.

आणि हे जुनं झालं असं म्हणू नका. आज मूळ रहिवासी लोकसंख्येच्या चार टक्क्यांहून कमी आहेत, तुरुंगात मात्र दर तिघांत किमान एक जण त्यांच्यातला. १४ ऑक्टोबर २०२३ ला, संसदेला सल्ला देणारं त्यांचं एक मंडळ घटनेत असावं का, यावर सार्वमत झालं. मी 'हो' म्हटलं. साधारण साठ टक्क्यांनी 'नाही' म्हटलं, आणि एकाही राज्यात 'हो' जिंकलं नाही. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

तर आम्ही काय करतो? पहाटे मेलबर्नच्या किंग्ज डोमेन बागेत जातो. तिथे एका मोठ्या शिळेखाली ३८ आदिवासींच्या अस्थी आहेत. संग्रहालयात ठेवलेल्या त्या अस्थी झगडून परत मिळवल्या आणि १९८५ मध्ये तिथे पुरल्या. शोकसभा होते, धूर केला जातो, आम्ही मागे उभे राहतो. मग घरी येऊन अंघोळ करून तिरंग्याला जातो.

पहिल्या वर्षी शेजारी एक म्हातारी उभी होती. त्यांच्यात वडीलधाऱ्या बाईला मानाने आंटी म्हणतात. तिच्या आईला लहानपणी घरातून उचलून संस्थेत ठेवलं होतं, सरकारने अशी हजारो मुलं नेली होती. आईला आपलं गाव कुठलं ते शेवटपर्यंत कळलं नाही, असं ती म्हणाली. मग मला विचारलं, "तुझं कुठलं?" मी म्हटलं, इंडिया. तिने मान हलवली. "देश नाही गं. नदी कुठली?"

वाईची कृष्णा, मी म्हटलं. तिने दोनदा म्हणून पाहिलं, कृष्णा, कृष्णा. मग उताराखालच्या पाण्याकडे हात केला आणि म्हणाली, "ही बिरारंग." नकाशावर तिचं नाव यारा आहे. १८३५ मध्ये एका मोजणीदाराने चुकीचं ऐकून ते लिहिलं, ते तसंच राहिलं. आंटीने मला बिरारंग तीनदा म्हणायला लावलं, 'र' नीट येईपर्यंत.